दोघांचा पास

पेण
५ डिसेंबर १९९६

गार्डसाहेब,

तुमचे कार्ड मिळाले. मिळाले म्हणजे, माझ्या हातात येण्याआधी ते सगळ्या आळीला मिळाले. पोस्टमन पोपटने ओट्याशी सायकल लावली आणि मोठ्याने वाचले, "कुशल. वाल फुलावर. गुडघा बरा. माथेरानला तीन दिवस जाऊ म्हणतो. पास काढतो. दोघांचा काढू की एकट्याचा, कळव." वाचून झाल्यावर मलाच म्हणाला, "काकी, दोघांचाच सांगा. एकटा माणूस तिथं जाऊन काय करील, माकडं मोजील?" समोरच्या घरातून हसणे ऐकू आले. बायकोला पत्र लिहितानाही तुम्ही मालगाडी सुटल्याची नोंद करावी तसे लिहिता, आणि तेही उघड्या कार्डावर. पुढच्या वेळी अंतर्देशीय पत्र घ्या.

आता उत्तर. दोघांचा पास मला नको.

कारण तुम्हाला पाठ आहे, तरी लिहिते. त्या कागदावर पहिल्या ओळीत रेल्वेची नोकरी केलेल्याचे नाव असते आणि दुसऱ्या ओळीत माझे, त्यापुढे 'पत्नी'. मिठागरावर मी आयुष्यभर कशाशी भांडले? खाऱ्या पाण्यात पोटरीपर्यंत उभी राहून मीठ ओढणार बाई, आणि मजुरी 'जोडीची' म्हणून नवऱ्याच्या हातावर. बाईचे नाव वेगळे लिहा, तिची मजुरी तिच्या हातात द्या, एवढ्यासाठी आम्ही ऐन हंगामात फावडी खाली ठेवली होती. त्या बायकांना जे सांगितले ते माझ्यासाठी रेल्वेच्या दारात बदलत नाही. जो कागद मला दुसऱ्या माणसाची म्हणून मोजतो त्याच्यावर मी बसणार नाही. तो कागद सरकारचा असो, देवळाचा असो, की माझ्या स्वतःच्या नवऱ्याचा.

लग्नानंतर आपण पहिल्यांदा नाशिकला गेलो ते आठवते का? तुम्ही पासावर, मी तिकिटावर. तिकीट तपासनीस म्हणाला, "बाई, घरचा पास असताना पैसे कशाला भरलेत?" मी म्हटले, "पास त्यांचा आहे, प्रवास माझा आहे." सगळा डबा हसला. तुम्ही खिडकीबाहेर पाहत बसलात. पण उतरताना माझ्या हातातले तिकीट घेतलेत आणि हरवू नये म्हणून स्वतःच्या पासाच्या पाकिटात ठेवलेत. तेव्हापासून माझे प्रत्येक तिकीट त्या पाकिटातच राहिले. यावरून आपले कधी भांडण झाले नाही. निवृत्त झाल्यावर तुम्ही रोह्याला तुमच्या घरी गेलात आणि मी संघटनेच्या कामासाठी पेणला राहिले, तेव्हाही झाले नाही. झाले असते तर मी जिंकले असते, तुम्ही निमूट जेवायला बसला असतात, आणि कदाचित आज तुम्हाला मला पत्र लिहावे लागले नसते.

शिवाय माथेरानला कुणी पास लावतो का? रेल्वेवाल्यांच्या घरी पास काशीसाठी जपतात, रामेश्वरसाठी जपतात. तुमचा मित्र बाबाजी तर लेकीच्या मुलाच्या जावळासाठी पास राखून ठेवतो आणि स्वतः एसटीने फिरतो. आणि तुम्ही वर्षाच्या मोजक्या पासांतला एक नेरळच्या डोंगरावर उडवायला निघालात. तो डोंगर इथल्या गच्चीवरून दिसायचा तेवढा बाकी आहे. हा हिशेब मला कळला नाही.

मी येणार नाही असे या पत्रात कुठेही म्हटलेले नाही. नीट वाचा.

सुका जवळा पाठवते आहे. भिजवून, पिळून मग परता. मागच्या वेळी तसाच तव्यावर टाकलात आणि मीठ जास्त झाले म्हणून कळवलेत.

तुमच्या लेकाचे, साईराजचे पत्र आले. तुम्ही नागपूरला त्याच्याकडे कायमचे जाण्याचे म्हणता, असे त्यात आहे. तुमच्या कार्डात ते नव्हते. कार्ड लहान असते.

बायजा


पेण
१३ डिसेंबर १९९६

गार्डसाहेब,

अंतर्देशीय घेतलेत, त्याबद्दल आभार. पण आत कार्डाइतकेच लिहिलेत आणि उरलेला निळा कागद कोरा पाठवलात. "हरकत नाही. एकट्याचा काढतो. मी पहिल्या वर्गात, तू तिकीट काढून दुसऱ्या वर्गात. वर भेटू."

वर भेटू. म्हणजे ती इवलीशी गाडी वळणे घेत चढणार, तुम्ही पुढच्या गादीच्या डब्यात एकटे, मी मागे बाकावर, आणि दरी आली की दोघांनी आपापल्या खिडकीतून पाहायची. एवढ्यासाठी माणसे माथेरानला जात असती तर रेल्वेने ती गाडी कधीच बंद केली असती.

तुमचे पत्र मी संघटनेच्या खोलीत वाचत होते. धोंडुबाई शेजारी बसली होती. तुम्ही तिला ओळखता. मोर्चात माझ्या पुढे चालते आणि सभेत माझे भाषण लांबले की जांभई देते. तिने माझे तोंड पाहिले आणि म्हणाली, "काय गो, गारडाचा कागुद आयला?"

मी सगळे सांगितले. ती ऐकून म्हणाली, "नवरा डोंगराव नेतंय, आन तू वळी मोजत बसलीस?"

"ओळी नाहीत धोंडुबाई. तत्त्व आहे."

"तां ठेव पिशवीत. वर थंडी हाय, पांघरायला व्हईल."

बाकीच्या बायका हसल्या. मी तिला ऐकवले, मजुरीच्या वेळी हेच तत्त्व होते आणि तेव्हा तू रस्त्यात आडवी पडली होतीस. त्यावर ती म्हणाली, "व्हय, पडलू. मी नाय कुठं म्हनतंय? त्याच्या कागदाव तू नको बसूस. पन तो तुझ्या तिकिटाव बसंल का, तां तरी इचारलंस कवा?"

नाही विचारले. आता विचारते.

दोन तिकिटे मी काढते. जाण्याची, येण्याची, डोंगरावरचीसुद्धा, सगळी दुसऱ्या वर्गाची. तुमचा पास पेटीत राहू द्या. एकाच बाकावर बसू, खिडकी तुम्हाला. रोह्याची सकाळची गाडी पेणला येते, तिच्यात मी चढेन. कागदावर कुणी पहिले नाही, कुणी दुसरे नाही, दोन माणसे आणि दोन तिकिटे. यात तुम्हाला काय अडचण असेल ते मला दिसत नाही. असेल तर मोठ्या अक्षरात लिहा, निळा कागद भरपूर उरतो.

साईराज लिहितो की संक्रांत झाली की रोह्याच्या घराला कुलूप लावायचे, शेत शेजारच्या केरूला अर्धेलीने द्यायचे आणि तो स्वतः तुम्हाला न्यायला येणार. सुनेने खोली रंगवून ठेवली आहे म्हणे. चांगली मुले आहेत. माझे यावर काही म्हणणे नाही. तुमचे आयुष्य, तुमचा निर्णय. दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय आपण करू नये हे मी तीनशे सभांत सांगितले असेल.

फक्त माहितीसाठी लिहिते. नागपूरला उन्हाळा फार कडक असतो. तुमच्या शेतातल्यासारखे कडवे वाल तिथे मिळणार नाहीत. खाडीची मासळी नाही. मुले दिवसभर कामावर असतात आणि तुम्हाला दुपारी कुणाशी तरी न बोलता बसायची सवय आहे, पण त्यालाही दुसरे माणूस घरात लागते. आणि नागपूरहून पेणला टपाल किती दिवसांनी येते ते पोपटला विचारले. त्याने डोके खाजवले.

माझे काही म्हणणे नाही.

बायजा


पेण
२४ डिसेंबर १९९६

गार्डसाहेब,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. आपल्या लग्नापासूनचे तुमचे हे सर्वांत लांब पत्र. पान जवळजवळ भरले आहे. ज्या ओळींवर मी अडले त्या इथे पुन्हा उतरवते, म्हणजे तुम्ही काय लिहून बसलात ते तुम्हाला कळेल.

"तुझ्या तिकिटावर बसायला कमीपणा नाही. पण मी तिकिटावर बसलो तर गाडीतली आपली माणसे विचारतील, गार्डसाहेब, पास गेला का? पगार घरात गेला. दिवाळ्या दूरच्या स्टेशनांवर, रनिंग रूममध्ये गेल्या. साईराज चालायला लागला तेव्हा मी मनमाडच्या यार्डात होतो. एवढ्या नोकरीतून हातात हा एक कागद राहिला. आजवर तो एकट्याच्या नावावर वापरला. एकदा तरी त्यावर आणखी कुणाचे नाव असावे असे वाटते. काशी-रामेश्वर नको, लांब आहे. तू तेवढे दिवस काम सोडणार नाहीस. म्हणून जवळचा डोंगर निवडला."

माणसाने असे वाद घालू नयेत. सभेत कुणी उठून मला उलट विचारले तर मी त्याला उत्तर देते. मामलेदाराला दिले आहे, मिठागरवाल्यांच्या वकिलाला दिले आहे. या परिच्छेदाला काय उत्तर द्यायचे ते मला चार दिवस सुचले नाही, आणि ही गोष्ट मी धोंडुबाईला सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

तरी माझे म्हणणे सुटलेले नाही. तुमच्याकडे कागद राहिला, माझ्याकडे एक शब्द राहिला आहे. शेकडो बायकांसमोर दिलेला. तो मी मोडला तर उद्या मिठागरावर एखादा नवरा म्हणेल, तुमच्या बायजाबाई स्वतः तर नवऱ्याच्या पासावर फिरतात. तुम्हाला तुमच्या माणसांपुढे लाज वाटते, तशी मला माझ्या माणसांपुढे वाटते.

आता दुसरे. मी पेणला गाडीत चढेन असे लिहिले होते. त्याला तुम्ही लिहिलेत, "चढता येते. पण." आणि पुढे पूर्णविराम. गार्डाने अर्धे वाक्य टाकून गाडी सोडली, हे मी पहिल्यांदा पाहिले.

त्या 'पण'चे पुढचे मी लिहू? पास रोह्यापासून. सकाळची गाडी लवकर सुटते. म्हणजे रीतसर निघायचे तर मला आदल्या दिवशीच रोह्याला यावे लागेल. घरी उतरावे लागेल. तुम्ही तिथे राहायला गेल्यापासून मी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. माथेरान राहिले बाजूला, हा सगळा बेत पेण ते रोहा एवढ्याच प्रवासाचा आहे. तुमच्या डोक्यात इतके राजकारण असेल असे वाटले नव्हते. संघटनेत असतात तर फार पुढे गेला असतात.

खरे सांगू का? त्या घराचा मला राग नाही. तिथे मला कुणी वाईट वागवले नाही. पण मी त्या घरात तुमची, म्हणजे महिपतीची बायको होते, मग साईराजची आई झाले. मला 'बायजा' म्हणून हाक मारणारे तिथे कुणी नव्हते. पेणला उतरले की रिक्षावालासुद्धा नावाने हाक मारतो. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा म्हणालात, "आता घरी चल." मी विचारले, "कुणाच्या?" तुम्ही पेटी उचललीत. एवढेच झाले आपल्यात. लोकांना वाटते काही मोठे झाले असेल.

गुडघ्याला तेल लावता का? कोमट करून लावा.

बायजा


पेण
४ जानेवारी १९९७

गार्डसाहेब,

तुमचे कार्ड काल दुपारी आले. पुन्हा कार्ड. पोपट वाचायला लागला आणि मध्येच थांबला. मग कार्ड माझ्या हातात दिले, "काकी, तुमचं तुम्हीच वाचा," म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत गेला. त्याने न वाचता दिलेले हे तुमचे पहिले कार्ड.

"अर्ज दिला होता, परत आला. पहिल्या ओळीत तुझे नाव लिहिले होते, खाली माझे. तिथला कारकून म्हणाला, नोकरी तुमची, तुमचे नाव खाली कसे? म्हटले, गार्ड शेवटच्या डब्यातच असतो. पुढे कोण बसले आहे ते सुखरूप पोचवायचे, एवढे त्याचे काम. तो हसला. नियमात बसत नाही म्हणाला. आता नवा अर्ज द्यायचा. तुझे नाव दुसऱ्या ओळीत घालावे लागेल. नको असेल तर देत नाही, तुझ्या तिकिटावर येतो. कळव."

काल संध्याकाळी खोलीवर बैठक होती. मला बोलायचे होते. उभी राहिले आणि विषय आठवेना. धोंडुबाईने खालून विचारले, "घसा बसला का गो?" मी हो म्हटले. ती उठली, माझ्या जागी उभी राहून सरळ बोलायला लागली, आणि चांगली बोलली.

घरी आल्यावर मी विचार केला, आणि माझ्या पद्धतीने केला, म्हणजे स्वतःशी वाद घालून. माझे भांडण कशाशी होते? जो माणूस बाईला आपल्यामागे उभी करतो त्याच्याशी, आणि जो कागद तिला तशी लिहून ठेवतो त्याच्याशी. कागद तसाच आहे आणि त्याच्याशी भांडण चालू राहील. रेल्वे बोर्डाला मी पत्र लिहिणार आहे, मसुदा तयार आहे. पण तुम्ही रेल्वेच्या कचेरीत, लोक ऐकत असताना, स्वतःचे नाव खाली लिहून दिलेत. मी व्यासपीठावरून बायकांना जे मागायला शिकवले ते तुम्ही न मागता लिहून बसलात, आणि कारकुनाला वाटले तुमची चूक झाली. इतकी वर्षे मी ज्याच्या शेजारी तिकीट काढून बसले, तो कोण होता ते मला त्या परत आलेल्या अर्जाने सांगितले.

नवा अर्ज द्या. दुसऱ्या ओळीत माझे नाव घाला. त्यापुढे जे लिहायचे ते लिहा. मिठागरावरच्या नवऱ्यांनी विचारले तर मी उत्तर देईन. म्हणेन, आधी आपले नाव खाली लिहून अर्ज परत आणून दाखवा, मग तुमच्या बायकांना पासावर बसवा.

एक अट आहे. नेरळपर्यंत तुमचा पास. तिथून वरची गाडी माझ्या तिकिटांवर, दुसऱ्या वर्गात. टीसीने विचारले, "गार्डसाहेब, पास गेला का?" तर सांगा, "पास आहे, पण डोंगरावर बायकोने नेले." हे वाक्य तुम्हाला जमेल. लहान आहे.

वीस तारखेला सोमवार आहे. तेव्हा निघू. आदल्या दिवशी मी रोह्याला येईन.

आता शेवटचे. मागे मी लिहिले की नागपूरबद्दल माझे काही म्हणणे नाही. ते खोटे होते. तुम्ही जाऊ नये असे मला वाटते. हे मी संघटनेची म्हणून सांगत नाही, साईराजची आई म्हणून तर अजिबात नाही, कारण आई म्हणून मला त्याचे बरोबर वाटते. रोहा आणि पेण यांच्यामध्ये मोजकी स्टेशने आहेत. एवढ्या अंतरावर तुम्ही आहात म्हणून मी इथे एकटी राहू शकले. रोज संध्याकाळची रोह्याची गाडी शिट्टी देत पुढे जाते तेव्हा मी हातातले काम थांबवते. का थांबवते ते कधी स्वतःला विचारले नव्हते. तुम्ही नागपूरला गेलात तर ती गाडी नुसती गाडी होईल.

निर्णय तुमचा. माझे म्हणणे मात्र आहे.

बायजा


पेण
१० जानेवारी १९९७

गार्डसाहेब,

कार्ड आज आले. या वेळी पोपटने वाचले. मीच म्हटले, वाच. "पास आला. साईराजला लिहिले, पाहुणा म्हणून ये. कुलूप गोठ्याला लावले. शेंगा भरल्या. पोपटी कधी लावू, कळव."

पोपट म्हणाला, "काकी, गोठ्याला कुलूप लावल्याचं एवढं काय कळवायचं?" मी म्हटले, "तुला नाही कळणार. जा, पुढचे टपाल वाट." समोरून धोंडुबाई येत होती. तिने ऐकले. "मंग घराला काय लावलान?" तिने विचारले. मी सांगितले, "काही नाही." ती पिशवी खाली ठेवून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "चा टाक."

चहा झाल्यावर मी स्टेशनवर गेले. खिडकीत एक चष्मेवाले गृहस्थ होते. मी म्हटले, "पेण ते रोहा, दुसरा वर्ग, पास काढायचा आहे."

"महिन्याचा की तिमाही?"

तुम्हाला ठाऊक आहे, मला उत्तरासाठी थांबण्याची सवय नाही. त्या खिडकीशी थांबले. एक महिना म्हणजे माणूस येऊन पाहतो, पटले नाही तर सोडतो. तीन महिने म्हणजे वाल निघतील, शिमगा होईल, उन्हाळा लागेल, तुमचा गुडघा दुखेल, माझे भाषण घरातही चालू होईल, तुम्ही खिडकीबाहेर पाहत बसाल. मागून कुणीतरी म्हणाले, "बाय, गाडी येल आता."

"तिमाही," मी म्हटले.

सोमवार ते शुक्रवार मी पेणला. माझे काम इथे आहे आणि ते मी सोडणार नाही. शुक्रवारी संध्याकाळच्या त्या गाडीने रोह्याला, सोमवारी सकाळी परत. कधी तुम्ही इकडे यावे, त्यासाठी खोलीत एक खाट जास्तीची आहे. त्या घरात मला कुणी 'सूनबाई' म्हटले तर मी रागावणार नाही, पण तुम्ही मला नावाने हाक मारायची. अंगणातून, शेजारी ऐकतील अशी.

पासावर माझे एकटीचे नाव आहे. दुसरी ओळच नाही. असती तर तुमचे घातले असते, मी खिडकीत विचारले होते.

हे पत्र टपालात टाकत नाही, कारण ते माझ्यानंतर पोचेल आणि पोपटचा त्यात काही फायदा नाही. आज शुक्रवारच आहे. पिशवी भरली आहे, त्यात सुके बोंबील आहेत, तेल आहे आणि रेल्वे बोर्डाच्या पत्राचा मसुदा आहे, तो तुम्ही तपासून द्यायचा. पत्र हातातच देईन. मी चहा टाकायला आत गेल्यावर वाचा, समोर बसून वाचू नका.

पोपटी उद्या लावू, शेंगांचे मडके मी भरेन. भांबुर्ड्याचा पाला आणून ठेवला नसेल तर सकाळी दोघे जाऊन आणू.

धोंडुबाईला रोह्याच्या बाजाराला जाणारे कुणी भेटले, त्याच्याबरोबर दुपारच्या गाडीने तुम्हाला एक निरोप पाठवला आहे. तो पोचला असेल तर तुम्ही आत्ता स्टेशनवर असाल. निरोप एवढाच: इंजिनापाशी शोधू नका. मी शेवटच्या डब्यातून उतरेन.

बायजा